वाऱ्याची वैरीण

निजामाच्या काळात आमच्या टेंभुर्णीला चिंधीमावशी सुईण होती. बाळंतिणीच्या घरी आली की ती आधी बाळंतिणीकडे नाही, भिंतींकडे बघायची. कुठे फट, कुठे झरोका, चौकटीतून कुठे उजेड येतो का. मग गाठोडं सोडून चिंध्यांचे बोळे ठासायला बसायची. हात इतका हलका की काय सांगावं. मीही त्याच हातांवर जन्मले. पण तिचं वैर वाऱ्याशी. "माझ्या हातची एक बी बाळंतीन वाऱ्यानं गेली न्हाई," असं ती ज्याला त्याला ऐकवायची.

खोली बंद झाली की शेगडीवर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं पडायची. आत गेलेलं माणूस डोळे पुसतच बाहेर यायचं. कुणी कुरकुरलं की मावशी म्हणायची, "धूर सोसल तीच तगल." ती स्वतः खूप खोकायची. अंगणात मोकळ्यावर बसली तरी खोकायची. पण सुईणीला धुराची ढास असायचीच, असं सगळं गाव धरून चाललं होतं.

माझी थोरली बहीण यमुना पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. मुलगी झाली. सव्वा महिना मावशी तिच्याजवळच निजली, तिला घास भरवले, तिचे पाय चेपले. एकदा माझ्या वडिलांची, आबांची, नाडी बघायला आलेले हकीमसाहेब त्या बंद दारापाशी थबकले. आत दोघी खोकत होत्या. "दरवाजा खोलो, हवा आने दो," ते म्हणाले. मावशी आतून कडाडली, "हकीमसाहेबानं कधी बाळंतपन केलंय व्हय? बंद ऱ्हाऊ द्या बिलकुल!" सगळे हसले. मीसुद्धा हसले, त्याची लाज अजून वाटते.

यमुना बाळंतपणातून उठली ती ताप घेऊनच. दिवाळीला तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. संक्रांतीच्या आत ती गेली; लेकरू तेवढं वाचलं. हा खोकला तिला दुसऱ्याकडून लागला, एवढंच हकीमसाहेबांनी आबांना सांगितलं. कुणाकडून, ते आबांनी विचारलं नाही. मला मात्र मावशीचं अंगणातलं खोकणं आठवलं. आणि मावशी त्या खोलीत ऊर बडवून रडत होती, भिंती चाचपत होती. "कुठंतरी फट ऱ्हायली गं माझ्याकून!"

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. पाचव्या महिन्यात माहेरी आले, तर मावशी काठी टेकत दारात हजर. अंगावर नुसती हाडं. "तुझं बी मीच करनार. ह्या खेपंला सुईच्या नेढ्याएवढी बी जागा ठेवत न्हाई बघ," म्हणाली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवताना खोकत राहिली. तिला नाही कसं म्हणायचं? "ये मावशी," मी म्हणाले. ती वळल्यावर देवापुढे बसले आणि तिचं मरण मागितलं.

सातवा लागायच्या आत ती गेली. मी ओक्साबोक्शी रडले. मायेपोटी रडते आहे, असं सगळ्यांना वाटलं. ते खरंच होतं. पण त्यात सुटल्याचंही रडू होतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.