जिवंत प्रोग्रामला श्रद्धांजली

आमच्या हडपसरच्या ऑफिसात माझ्या चालत्या प्रोग्रामला हार घातला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला किळस आली.

प्रोग्राम अर्लांग नावाच्या भाषेतला. इस्पितळात पेशंटने खाटेजवळची घंटा दाबली की नर्सच्या मोबाइलवर निरोप पोचवायचा, एवढंच त्याचं काम. ही भाषा पुण्यात फार थोड्यांना येते. ती येते म्हटलं की लोक काही व्यसन लागल्यासारखं बघतात. पण तिचं एक पक्कं आहे. एका वॉर्डाचं काम अडकलं तर तेवढंच पुन्हा सुरू होतं, बाकीचे वॉर्ड चालू राहतात. एका खोलीचा फ्यूज उडाला म्हणून सगळं घर काळोखात जात नाही, तसं.

"मॅडम, इंडस्ट्रीत आता हे वापरतं कोण?" मॅनेजर दर मीटिंगला विचारायचे. वयाने माझ्याहून बरेच लहान.

"आपलीच गिऱ्हाइकं," मी म्हणायचे. ते हसायचे.

शेवटी नव्या भाषेत नवा प्रोग्राम तयार झाला. जुना बंद झाला की माझी नोकरीही जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे कशाचाही केक कापतात, बढतीचा, साखरपुड्याचा, राजीनाम्याचा. या वेळी एचआरला विनोद सुचला. माझ्या स्क्रीनला चंदनी हार, पुढे उदबत्ती आणि केकवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. कापायचा कोणी, तर मी! रडके चेहरे करून सेल्फी काढले गेले, क्रीमची बोटं माझ्या कीबोर्डला पुसली गेली. मी रुमाल काढून एकेक बटण पुसू लागले.

तेवढ्यात मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"अहो मॅडम, जरा प्रॉब्लेम झालाय. नवीन सिस्टिम लोडच घेत नाहीये. टेस्टिंगमध्ये एक वॉर्ड अडकला आणि अख्खं हॉस्पिटल डाउन. तर मागे तुमचंच चालू ठेवू या, वरून स्क्रीन तेवढी नवी. क्लायंटला काही बोलायचं नाही. तुम्ही राहा ना, फक्त घरून काम करा. कोथरूडहून यायचा त्रासही वाचेल."

म्हणजे नोकरी टिकली होती. क्षणभर हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच मला शिसारी आली. ज्यावाचून यांचं पान हलत नाही, त्याला हार घालून हे लपवणार होते. सोबत मलाही.

"मग लावा क्लायंटला फोन. माझ्यासमोर सांगा, मागे जुनंच चालू आहे म्हणून."

"तुम्ही फारच मनाला लावून घेता बुवा."

मी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"ठीक आहे, तुमचा निर्णय. पण मॅडम, क्लायंटला चार वाजता डेमो दाखवायचाय, तो होईपर्यंत तरी थांबाल ना?"