फूट पंप, ठीक

१९९६ च्या उन्हाळ्यात माझी बदली धुलाईतून ऑपरेशन थिएटरात झाली. दवाखाना कोल्हापुरात, पेठेतल्या एका गल्लीत. खासगी, लहान. त्याआधी मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रक्ताच्या चादरी आणि हिरवे गाऊन उकळत होते. ते काम मला आवडायचं. तिथं कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

बदलीचा हुकूम हवालदारांनी आणला. हवालदार दत्तू पोवार, फौजेच्या मेडिकल कोअरमधून निवृत्त. फौजेत त्यांची जागा ऑपरेशनच्या टेबलाशी, भूल देणाऱ्या डॉक्टरच्या उजव्या हाताला. दवाखान्यातही तीच. गल्लीतले लोक त्यांना मेजर म्हणत. ते प्रत्येकाला थांबवून सांगत, "मेजर न्हाय, हवालदार. मेजर साहेब असतोय."

मला म्हणाले, "शालन, सोमवारपासनं थिएटर. भुलीच्या मॅडमना आणि एक हात पायजे. सातला रिपोर्ट."

"मला न्हाय जमायचं काका. चौथी झालीया नुसती."

"रक्त बघून चक्कर येती?"

"न्हाय."

"मग झालं की."

हवालदारांची फौज मी पाहिलेली नाही. पण माझी नोकरी त्यांच्याच फौजेत झाली असं मी मानते. म्हणून जसं झालं तसं लिहिते.

मी कोडोलीची. माझे मालक तेव्हा इचलकरंजीत मागावर होते, आठवड्याला एकदा घरी यायचे. घरात मी आणि लहान मुलगी. मोठ्यानं बोलायची मला सवय नव्हती. दुकानात गेले तरी दुकानदार दोनदा विचारायचा, काय पायजे?

पहिल्या दिवशी थिएटरात एक बाई होती, पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन. मॅडमनी तिच्या शिरेत औषध सोडलं. बाई झोपली. मग तिची छाती हलायची थांबली. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, गेली. मी हवालदारांकडे पाहिलं. ते शांत उभे होते. मॅडमनी तोंडावर मास्क धरला आणि काळी रबरी पिशवी दाबली. छाती वर आली. सोडली, खाली गेली. ती बाई त्या वेळी मॅडमच्या मुठीत जगत होती. मूठ उघडून राहिली असती तर संपलं असतं.

त्या दिवशी मी डबा उघडला नाही. पुढे कित्येक दिवस दुपारी मुलगी झोपली की मी तिच्या नाकापुढे हात धरायची. भीती गेली नाही. हवालदारांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ नगं देऊस. भीती गेलेला माणूस मला टेबलापाशी नको."

सुरुवातीला मला कशाला हात लावू दिला नाही. फक्त नावं. ऑक्सिजनचा सिलिंडर. श्वासाच्या नळ्या, लहानापासून मोठ्या. लॅरिंगोस्कोप, म्हणजे जीभ बाजूला करून घसा दाखवणारं पातं, टोकाला बल्ब. सक्शन, म्हणजे घशातली घाण ओढणारं विजेचं यंत्र. आणि शेवटी फूट पंप. तेही सक्शनच, पण पायानं दाबायचं. फौजेतल्यासारखा जुना, लोखंडी, गुडघ्याएवढा.

रोज सातला तपासणी. मी वस्तूचं नाव मोठ्यानं घ्यायचं, चालवून दाखवायची. ते म्हणायचे, "ठीक." मग पुढची वस्तू.

"सिलिंडर."

"ऐकू न्हाय आलं."

"सिलिंडर, भरलेला."

ते दोन पावलं मागे जायचे. "ऐकू न्हाय आलं."

असं करत करत ते थिएटरच्या दाराबाहेर गेले, मग जिन्यात, मग खाली पायरीवर जाऊन बसले. मी वरून ओरडायची आणि ते खालून "ठीक" म्हणायचे. गल्लीच्या कोपऱ्यावर रामू गवळ्याचा कट्टा होता. सकाळी तिथं म्हशी बांधलेल्या असत आणि लोक धारेखालचं फेसाळ दूध ग्लासातून उभ्यानं पीत. मी कामावर आले की रामू विचारायचा, "शालनताई, सिलिंडर भरला न्हवं? का म्हशीला लावू?" सगळे हसायचे. मी पदर ओढून आत जायची.

मोठे डॉक्टर, म्हणजे ऑपरेशन करणारे, फूट पंपाला हसायचे. "हवालदार, ते भंगारात घाला आता."

"भंगारात मी जाईन साहेब. पंप न्हाय जायचा."

मग नाडी. दोन बोटं मानेवर, जबड्याखाली. फार दाबायचं नाही, सोडायचं नाही. नाडी लागली की म्हणायचं, "चालू." मंद झाली तर "हळू." लागली नाही तर "नाडी नाही." हे तीनच रिपोर्ट. त्यात कसं, का, वाटतंय असं काही नाही. बोलताना मॅडमकडे बघायचं, जमिनीकडे नाही. डोंगरातल्या तंबूत जनरेटर ओरडत असतो, तिथं यंत्रं बर्फानं बंद पडतात, तेव्हा साहेब एवढंच ऐकतो, असं ते म्हणायचे. "वाईट रिपोर्ट बी तेवढ्याच आवाजात. चांगला मोठ्यानं आन् वाईट हळू, असं केलंस तर उपयोग न्हाय."

मी शिकले. हळूहळू मॅडम हात पुढे करायच्या आणि मी न विचारता त्या मापाची नळी द्यायची. पण माझा आवाज थिएटरात लहानच राहिला. तिथं मॉनिटर होता. टिकटिक चालू असायची. माझ्या शब्दांची गरज पडत नव्हती.

ती पडली २००५ साली. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते.

शाहूवाडीकडचा एकोणीस-वीस वर्षांचा पैलवान, कोल्हापुरात तालमीत राहणारा. सरावात पडून दंडाचं हाड मोडलं होतं. हाडावर स्टीलची पट्टी बसवायची होती. त्याच्याबरोबर त्याचे वस्ताद आले होते. वयस्कर, डोक्याला फेटा, कान चपटे झालेले. पैलवान टेबलावर मावेल असं वाटत नव्हतं. हवालदार त्याला म्हणाले, "रणगाडा आणलाय की रं."

मॅडमनी दारातच विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं? प्यायलं? पाणी, चहा, दूध?"

पोरानं वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद म्हणाले, "काय न्हाय. काल सांजच्यापास्नं काय न्हाय."

दार लागलं. सकाळचे दहा वाजले होते. मॅडमनी औषध दिलं. पोरगा झोपला, छाती थांबली. मी उजव्या हाताला लॅरिंगोस्कोप आणि नळी घेऊन उभी. मॅडमनी तोंड उघडलं, पातं आत घातलं. बल्बच्या उजेडात घसा दिसायला हवा होता. पांढरं दिसलं. ते वर आलं, तोंड भरलं, गालावरून उशीवर सांडलं.

दूध होतं.

"डोकं खाली," मॅडम म्हणाल्या. हवालदारांनी टेबलाचा दांडा फिरवला. मी सक्शनची नळी तोंडात घातली. यंत्र घरघरलं, थोडं दूध ओढलं आणि थांबलं. वर दिवा गेला. मॉनिटरची टिकटिक गेली. त्याची बॅटरी धरत नव्हती.

थिएटरात एकदम शांतता झाली. एवढी शांतता मी त्याआधी तिथं ऐकली नव्हती.

"जनरेटर," मोठे डॉक्टर ओरडले. खाली कुणीतरी पळालं.

"पंप," मॅडम म्हणाल्या.

हवालदार आधीच पंपावर होते. त्यांनी सक्शनची नळी काढून पंपाला जोडली आणि पाय मारायला सुरुवात केली. लोखंड खडखड वाजायला लागलं. घशातलं दूध काचेच्या बाटलीत यायला लागलं. मोठ्या डॉक्टरांनी टॉर्च धरला. पोराचे ओठ निळसर झाले होते. मॅडमना घसा दिसत नव्हता.

"नाडी?"

माझी बोटं त्याच्या मानेवर होती. ती कधी ठेवली मला आठवत नाही. मान जाड होती. नाडी सापडली. मी म्हणाले, "चालू."

"ऐकू न्हाय आलं," हवालदार म्हणाले. पाय थांबला नव्हता.

"चालू," मी म्हणाले. मग पुन्हा, "चालू. चालू."

मॅडम नळी घालायच्या, काढायच्या. पंप खडखडत होता. माझ्या बोटाखाली ठोका आला आणि मग येईना. आला, पण उशिरा. माझ्या मनात आलं, हे बोलले तर ते खरं होईल. मी मॅडमकडे पाहिलं.

"हळू," मी ओरडले. "हळू. हळू झाली."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, "ओढा अजून." पंपाचा वेग वाढला. हवालदारांचा श्वास मला ऐकू येत होता. मग मॅडमचा हात एकदम पुढे गेला आणि थांबला. "नळी गेली. पिशवी." मी दुसऱ्या हातानं पिशवी जोडली. त्यांनी दाबली. छाती वर आली.

"हळू. हळू." मग ठोका आला, लगेच दुसरा. "चालू. चालू. चालू."

जनरेटर सुरू झाला तेव्हाही मी ओरडत होते. मोठे डॉक्टर म्हणाले, "शालन, बास. मॉनिटर लागलाय." मी बोटं काढली नाहीत.

दाराबाहेर वस्ताद भिंतीला टेकून खाली बसले होते. माझा प्रत्येक शब्द त्यांना ऐकू गेला होता. मॅडम त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. तेच आधी बोलले.

"कट्ट्यावर पाजलं. दोन ग्लास. पैलवान रिकाम्या पोटी आखाड्यात उतरवीत न्हाईत मॅडम. मला वाटलं, ह्यो बी आखाडाच की."

पोराच्या छातीत दूध गेलं होतं. त्याला मोठ्या दवाखान्यात हलवलं. बरेच दिवस ताप होता. वाचला. हात नंतर बसवला. तो पुन्हा कुस्ती खेळला की नाही, मला माहीत नाही.

त्या दिवशी हवालदार जिन्याच्या पायरीवर बसले होते. हात छातीवर होता. मी पाणी नेलं.

"दुखतंय काय काका?"

"वय झालं. पाय जड झाला नुसता." पाणी प्यायले. मग म्हणाले, "शेवटचा रिपोर्ट खालपतोर ऐकू आला म्हणं. रामू सांगत हुता."

यापेक्षा जास्त शाबासकी त्यांनी मला कधी दिली नाही.

ते त्याच वर्षी, थंडीत गेले. सकाळची तपासणी चालू होती. अलीकडे ते जिन्यात जात नसत, पंपाशेजारच्या स्टुलावर बसत.

"सिलिंडर."

"ठीक."

"लॅरिंगो."

"ठीक."

"सक्शन."

"ठीक."

"फूट पंप."

उत्तर आलं नाही. मला वाटलं, माझाच आवाज कमी पडला. मी पुन्हा म्हणाले, "फूट पंप." आणि वळून पाहिलं. ते भिंतीकडे कलले होते.

मी त्यांना जमिनीवर घेतलं आणि हाक मारली. मोठे डॉक्टर आले, मॅडम आल्या. डॉक्टरांनी छाती दाबायला सुरुवात केली. माझी बोटं हवालदारांच्या मानेवर. छाती दाबली की बोटाखाली काहीतरी यायचं. थांबले की काही नाही. मॅडमनी पिशवी धरली, औषधं दिली. बराच वेळ गेला.

डॉक्टर थांबले. मॉनिटर होता, त्यावर सरळ रेघ होती, सगळ्यांना दिसत होती. तरी मॅडमनी मला विचारलं, "शालन?"

मला जमिनीकडे बघावंसं वाटलं. बारीक आवाजात सांगितलं असतं तरी मला कुणी काही म्हटलं नसतं. मी मॅडमकडे पाहिलं आणि हवालदार बसायचे त्या पायरीपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं रिपोर्ट दिला.

"नाडी नाही."

घरी जाताना रामू कट्ट्यावर उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

आता थिएटरात नवा मॉनिटर आहे, त्याची बॅटरी चांगली आहे. विजेची दोन सक्शन यंत्रं आहेत. फूट पंप आहे तिथंच आहे. रोज सातला मी एकटी तपासणी करते. प्रत्येक नावानंतर त्यांच्या "ठीक"ला लागायचा तेवढा वेळ थांबते. मग पुढची वस्तू घेते. सगळ्यात शेवटी फूट पंप म्हणते, पाय ठेवते आणि दाबून बघते. तो चालतो.