गोळी मीच दिली

"सकाळपासून हिच्या पोटात काय काय गेलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं. चहा, दोन टोस्ट आणि माझी एक गोळी.

त्यांचं लिहिणं थांबलं. "तुमची गोळी म्हणजे?"

मी पर्समधून पाकीट काढून दाखवलं. प्रोप्रानोलॉल. छातीतली धडधड आणि हातांचा कंप कमी करणारं औषध. मला ते वर्षभर चालू होतं. डॉक्टर म्हणाले, "हा ब्राँकोस्पाझम आहे. श्वासाच्या नळ्या आवळल्यात. हिला दमा आहे का?"

"नाही हो. सर्दीची प्रकृती आहे."

"लहानपणी छातीत घरघर व्हायची?"

व्हायची. सहा-सात वर्षांची होईपर्यंत दर हिवाळ्यात व्हायची. पण आमच्या घरात दमा हा शब्द उच्चारायचा नाही असा नियम होता. मुलीची जात, उद्या स्थळं बघायची, म्हणून सगळ्यांना 'सर्दीची प्रकृती' सांगायचं. सांगून सांगून मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. पण आता मी 'हो, व्हायची' म्हटलं.

"मग तिला दमा आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि ही गोळी दम्याच्या माणसाला द्यायची नसते."

सत्त्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. आम्ही कळंबोलीला राहायचो, हॉस्पिटल पनवेलचं. माझी मुलगी मेघना सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. त्या दिवशी दुपारी तिचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. कॉलेजच्या सरावात हात थरथरून तिने ब्युरेट, म्हणजे मापाची काचेची नळी, फोडली होती, आणि आठवडाभर तीच धास्ती घेऊन बसली होती. मला या गोळीने बरं वाटतं, मग तिलाही वाटेल. एवढाच विचार केला मी. पोरीने विचारलंसुद्धा नाही. आईने दिली, तिने गिळली.

तासाभरात चपला घालायला वाकली ती वर होईना. ओठ काळपट पडले. रिक्षात ती माझा दंड इतका घट्ट धरून होती की नंतर तिथे वळ उठले.

तिला ऑक्सिजन लावला. नेब्युलायझर लावला, म्हणजे औषधाची वाफ नाकातोंडातून छातीत सोडायचं यंत्र. सलाइनमधून अमिनोफायलिन चालू केलं, ते आवळलेल्या नळ्या सैल करतं. मी बाहेरच्या बाकावर बसून आतली घरघर ऐकत होते. संध्याकाळपर्यंत ती थोडी कमी झाली. "उद्यापर्यंत काही बोलणार नाही," डॉक्टर म्हणाले, "आणि एक सांगतो, मला ही केस एमएलसी करावी लागेल."

एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. ज्या दुखण्यात कायद्याचा संबंध येऊ शकतो, ते हॉस्पिटलने पोलिसांना कळवायचंच असतं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला. आज सांगते, त्या डॉक्टरांनी दोन उपकार केले. मुलगी वाचवली आणि मी सांगितलं तसंच्या तसं लिहिलं.

हवालदार आले ते पनवेलजवळच्याच गावचे, पन्नाशीचे, स्वभावाने मऊ. सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "ताई, पोरीनं सोताच घेतली, चुकून, असं लिवतो. तुमाला तरास नाय नि आमालाबी नाय."

तोवर हॉस्पिटलात पोहोचलेले आमचे हे लगेच म्हणाले, "हो हो, तसंच लिहा."

मी म्हटलं, "तसं लिहायचं नाही. गोळी मीच दिली."

यांनी मला जिन्याकडे ओढत नेलं. "डोकं फिरलंय का तुझं? तुझी सरकारी नोकरी आहे. केस झाली तर तुला घरी बसवतील."

"बसवू देत."

"अगं, चुकून घेतली म्हटलं तर कुणाचं काय बिघडतं?"

"तिचं बिघडतं. बारावीच्या मुलीने परीक्षेच्या दिवशी आईच्या गोळ्या खाल्ल्या, हे वाचून कोण 'चुकून' म्हणणार आहे? जन्मभर लोक विचारतील, तेव्हा काय झालं होतं गं तुला?"

यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं. कसलं पटतंय.

दुसऱ्या दिवशी मी खाली केमिस्टकडे गेले होते. वर येते तर हवालदार मेघनाच्या खाटेजवळ, हे उशाशी, आणि मेघना मास्क बाजूला करून सांगतेय, "मीच घेतली. आईला माहीत नव्हतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यांना मी त्या वॉर्डात, चार पेशंटांसमोर, जे बोलले ते इथे लिहीत नाही. मग मेघनाकडे वळले. "तू परीक्षेला घाबरून गोळ्या खाणारी मुलगी आहेस का?"

तिने मान हलवली. नाही.

"मग तसं कागदावर येणार नाही. चूक माझी आहे, ती मला निस्तरू दे."

"मंग खरं कोन बोलतंय?" हवालदार वैतागले.

मी माझ्या नावाची डॉक्टरांची चिठ्ठी आणि ते पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं. कालच्या केसपेपरवरचं डॉक्टरांचं अक्षर दाखवलं. त्यांनी लिहिलेलं पान खोडलं आणि माझा जबाब घेतला. मी प्रत्येक ओळ वाचून खाली सही केली.

गुन्हा दाखल झाला. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा करून इजा केली, असं ते कलम. कागदोपत्री अटक, लगेच जामीन. जामीन राहिले आमचे हेच, तोंड पाडून. ऑफिसात मी स्वतः लेखी कळवलं. चौकशी लागली, एक वेतनवाढ रोखली, आणि जेवणाच्या सुट्टीत बायका मला बघून विषय बदलायला लागल्या. बदला म्हटलं. सोसायटीत एकीने विचारलं, "स्वतःच्याच पोरीवर प्रयोग केलात म्हणे?" मी म्हटलं, "केला. तुमच्या कपाटात कुणाकुणाच्या उरलेल्या गोळ्या आहेत ते आधी बघा."

हे वाचणाऱ्या आयांनाही तेच सांगते. माझ्या डॉक्टरांनी मला गोळी देताना विचारलं होतं, दमा आहे का? मला नव्हता, म्हणून ती गोळी मला मिळाली. चिठ्ठीवर नाव असतं ते उगाच नाही. आणि मुलांचं दुखणं दुखण्याच्या नावाने सांगा. लग्न जमायचं तेव्हा जमेल, आधी पोर श्वास घेऊ दे.

मेघना सहाव्या दिवशी घरी आली. प्रॅक्टिकल नंतरच्या बॅचबरोबर दिलं. हात थरथरलेच, पण ब्युरेट शाबूत राहिली.

पनवेलच्या कोर्टात दीड वर्ष तारखा पडल्या. वकील म्हणाले, "नाकबूल करा. साक्षीदार तुमची मुलगीच, ती उलटली की केस संपली." मी म्हटलं, तिला उलटायला लावायचं असतं तर हॉस्पिटलमध्येच लावलं असतं. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? परिणाम माहीत आहेत का? दोन्हीला मी 'हो' म्हटलं. दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा. म्हणजे संध्याकाळी कोर्टाचं काम संपेपर्यंत तिथेच बसून राहायचं.

मी मागच्या बाकावर बसले. मेघना तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. लेक्चर बुडवून आली आणि माझ्या शेजारी बसली. शिपाई म्हणाला, "तुम्ही बाहेर थांबा, शिक्षा यांना आहे." ती म्हणाली, "मी इथेच बसते."

बाकावर एक बाई होती, कुठल्याशा जमिनीच्या तारखेला आलेली. मेघनाला तिने विचारलं, "काय गं, यांनी केलं काय?"

मी मान खाली घातली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मेघना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला दमा आहे. आईने तिची गोळी मला दिली, आणि माझ्यावर आळ येऊ नये म्हणून पोलिसांना स्वतःच सांगितलं."

मी मान वर केली, ती कोर्ट उठेपर्यंत वरच ठेवली.