अक्काचा लॅपटॉप आम्ही कसा निवडला

त्या दुपारी दुकानात आम्ही तिघं होतो, आणि चौथा विक्रेता. लॅपटॉप हवा होता अक्काला. तासभर जी वादावादी झाली तीत अक्का सोडून सगळे बोलले. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी इतरांवर पुष्कळ चिडणार आहे, आणि मी तेवढी बाजूला उभी होते असं कुणाला वाटायला नको.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सिव्हिलचा डिप्लोमा करून ती तंजावूरमधल्या एका बांधकाम इंजिनिअरच्या ऑफिसात चार वर्षं नकाशे काढत होती. घरं, लग्नाचे हॉल, एका शाळेची इमारत. भर उन्हात टेप धरून मोजमाप घ्यायची ती, रेघ अन् रेघ ओढायची ती, आणि खालच्या कोपऱ्यात नाव साहेबाचं. शाळेच्या उद्घाटनाला साहेबाला शाल घातली. अक्का मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवून घरी आली.

"उठून बोलायचं होतंस!" मी म्हटलं.

"आणि दुसऱ्या दिवशी कामाला कुठे जाऊ? तुझ्या मोर्च्यात?"

मी तेव्हा एका ग्राहक मंडळात होते. टाऊन बसच्या फेऱ्या, रेशनचं माप, गटारं, असल्या गोष्टींवर आम्ही पत्रकं काढायचो. पत्रकं अर्थात तमिळमध्ये. आम्ही पिढ्यानपिढ्या तंजावूरचे; मराठी आमच्याकडे घरात बोलतात, लिहीत कुणी नाही. मी देवनागरी शिकले ती हिंदीच्या परीक्षांसाठी, म्हणून हे लिहू तरी शकते. पत्रकाचा नियम साधा असतो: वर ठळक अक्षरात आरोप, मध्ये पुरावा, खाली मागणी. मला सगळं जग त्याच तीन भागांत दिसायचं. अजूनही दिसतं.

अक्काला दुसरं जग सापडलं होतं. आमच्या रस्त्यावरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये पोरं बंदुकीचे गेम खेळायची, म्हणून तिथले कॉम्प्युटर दणकट होते. त्यातल्या कोपऱ्यातल्या एकावर अक्का ऑफिस सुटल्यावर बसायची. ती कॉम्प्युटरच्या आतल्या एका जगात जायची. तिथे आपण एक बाहुली होऊन चालतो, जमिनीवर भिंती उभ्या करतो, छप्पर टाकतो, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाहून कुणाची तरी बाहुली येऊन आपल्या ओट्यावर बसते. मला तो निव्वळ पोरखेळ वाटायचा. मग एकदा तिने मला एका खांबावर बोट ठेवून दाखवलं. खांबावर क्लिक केलं की तो कुणी घडवला त्याचं नाव येतं. आपोआप येतं. कुणाला पुसता येत नाही.

"बघ," अक्का म्हणाली, "इथे साहेबाला सही करायला कोपराच नाही."

चेन्नईच्या एका कंपनीला अशा जगात इमारती उभारणारी माणसं हवी होती. अक्काने अर्ज केला. उत्तर आलं: तुमच्या भागातली एखादी जागा उभारा, आणि दहाव्या दिवशी दुपारी तीन वाजता आम्हाला तिच्यातून फिरवा. जमलं तर काम, आणि प्रत्येक कामावर तिचं नाव. नाही जमलं तर पुन्हा साहेबाचा कोपरा. आणि नेमकं त्याच आठवड्यात ब्राउझिंग सेंटर बंद पडलं. मालकाने कॉम्प्युटर विकून मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं. म्हणून लॅपटॉप.

अक्काने एका चिठ्ठीवर लिहिलं: रॅम किती, प्रोसेसर कुठला, आणि खाली दोन रेघा मारून, 'ग्राफिक्स कार्ड वेगळं हवं.' चिठ्ठी मी घेतली, कारण दुकानदाराशी बोलायचं कसं ते मला येतं असं घरात सगळ्यांचं मत होतं. माझंही.

बरोबर अप्पा, म्हणजे आमचे वडील, आले. अप्पा कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले, पण खरे वीणेचे. दर रविवारी तिरुवैयारूला जाऊन शिकवायचे. आमच्या घरात कुठलीही वस्तू कानाने घेतात. पितळेची घागर बोटाच्या पेराने वाजवून, फणस टिचकी मारून, नारळ कानाशी हलवून. वीणेचा भोपळा तर अप्पा अर्धा दिवस ठोकत बसायचे. ते डोळ्यांवर विश्वास ठेवत नसत. रंग देता येतो, म्हणायचे, नाद देता येत नाही.

जुन्या बसस्टँडजवळच्या त्या दुकानात विक्रेत्याने पहिलाच प्रश्न अप्पांना विचारला, "मुलीसाठी का सर? मेल, फोटो, एवढंच ना?" आणि एक फिकट गुलाबी झाकणाचा लॅपटॉप पुढे सरकवला.

माझं डोकं तिथेच फिरलं. "मेल, फोटो कुणी सांगितलं तुम्हाला? माझी बहीण इमारती बांधते!"

तो चाळिशीचा माणूस, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्याने अक्काकडे पाहिलं, चूक झाली हे त्याला कळलं. "सॉरी मेडम," म्हणाला, आणि खालच्या फळीवरून एक जाडजूड काळा लॅपटॉप काढून चालू केला. "मग हा बघा. गेमवाले हाच नेतात. आत वेगळं कार्ड आहे."

अक्का पुढे झाली. "हाच..." ती म्हणाली.

"थांब अग, आधी ऐकू दे," अप्पा म्हणाले. त्यांनी विक्रेत्याला वरचा पंखा बंद करायला लावला. शेजारचा टीव्हीही. मग टेबलावर वाकून त्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर सरळ कान टेकला. दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली.

"हा आत्ताच धापा टाकतोय," अप्पा उठून म्हणाले. "वय किती याचं?"

"नवा आहे सर! आतला फॅन आहे तो. कार्ड तापतं, त्याला गार ठेवायला लागतो."

"तापतं?"

"काम जास्त करतो ना सर, म्हणून."

"आमच्या ऑफिसात काम जास्त करणारे कधी आवाज करत नव्हते," अप्पा म्हणाले, आणि शेजारच्या पातळ, चंदेरी लॅपटॉपला कान लावला. बराच वेळ. "वा. हा बघ. एकदम शांत. श्रुती लावून ठेवल्यासारखा."

"सर, त्याला वेगळं कार्ड नाही. म्हणून शांत आहे."

इथे मी उडी घेतली. चंदेरी लॅपटॉपच्या खोक्यावर चकचकीत अक्षरांत 'ग्राफिक्स' असं छापलेलं होतं. मी ते खोकं उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. "हे काय छापलंय?"

"ते बोर्डमधलंच आहे मेडम. रॅम वाटून घेतं. नावाला आहे."

"म्हणजे कंपनी 'आहे' म्हणून छापते, आणि तुम्ही म्हणता नाही? काळा जास्त किमतीचा आहे म्हणून ना? त्याचा दोष तुम्ही गुण म्हणून विकताय!"

आजूबाजूचे दोघेतिघे माना डोलवायला लागले. मला चेव चढला. मी ग्राहकाच्या हक्कांवर बोलले, छापील शब्दाच्या जबाबदारीवर बोलले, बायकांना गुलाबी झाकणं दाखवणाऱ्या मानसिकतेवर बोलले. चांगलं बोलले. चिठ्ठी माझ्या मुठीत चुरगळून गेली. अक्काने दोनदा माझी ओढणी ओढली. मला वाटलं, ती मला शांत करते आहे. मी आणखी जोरात बोलले.

आम्ही चंदेरी लॅपटॉप घेऊन घरी आलो. अप्पा वाटभर खूश. मीही.

अक्काने जागा निवडली होती ती तिरुवैयारूच्या, कावेरीवरच्या घाटाची. पायऱ्या, वरचा मंडप, कपडे आपटायचा दगड. दिवसरात्र बसून तिने पायऱ्या केल्या, दगडाची झीज केली, मंडपाच्या सावल्या केल्या. प्रत्येक सावलीसरशी लॅपटॉप थोडा थोडा जड होत गेला. सातव्या दिवशी तिने शेवटच्या पायरीखाली पाणी सोडलं, आणि सगळं थिजलं. बाहुलीचा एक पाय पायरीवर, दुसरा हवेत. अक्काने बंद करून पुन्हा चालू केला. पाण्यापर्यंत आलं की तेच.

अप्पा मागे उभे होते. "इथेही पाणी अडवलं का त्या लोकांनी?" ते म्हणाले.

कर्नाटक कावेरीचं पाणी अडवतं, यावरून आमच्याकडे कुणीही कधीही हसतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. अक्का उठून मोरीत गेली आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

"पाणी काढून टाक," मी दारातून म्हटलं. "नुसत्या पायऱ्या दाखव."

"घाट आहे तो," ती म्हणाली. "पाणी काढलं की जिना होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाकडे निघाले. बसमध्ये बसून पत्रकाचा मसुदा लिहिला. वर ठळक: 'ग्राहकांनो, फसू नका!' मध्ये: खोक्यावर एक, आत दुसरंच. खाली: लॅपटॉप बदलून द्या. मी तो कागद विक्रेत्यासमोर काउंटरवर आपटला. त्याने चष्मा लावून शांतपणे वाचला. पूर्ण वाचला, कॉमा सोडला नाही.

"मेडम," तो म्हणाला, "यात मी तुम्हाला काय सांगितलं होतं, ते कुठे आहे?"

नव्हतं. वर पाहिलं, खाली पाहिलं, कुठेच नव्हतं. त्याला एक ओळही दिली नव्हती मी. मी कागदाची घडी घातली. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि समोर ओरडण्यासारखा माणूस नव्हता. खोक्यावर तसलं काही छापणाऱ्या कंपनीवर माझा राग आजही आहे, तो राग खराच आहे. पण ते ओळखून सांगणारा एक माणूस समोर उभा होता, आणि मी त्यालाच चोर ठरवलं होतं.

"उघडलेला माल बदलता येत नाही," तो म्हणाला. "मालक ऐकणार नाहीत. बहिणीचं काम कधी आहे?"

"परवा. तीन वाजता."

तो खालच्या फळीकडे बघत राहिला. "हा काळा दाखवायलाच ठेवलाय. दुकानात ब्रॉडबँड आहे. तीनला मालक जेवून झोपलेले असतात. तिला घेऊन या."

दहाव्या दिवशी तीनला अक्का दुकानाच्या काउंटरपाशी, मिक्सर बघायला आलेल्या एका जोडप्याच्या शेजारी, स्टुलावर बसली. तिने तिच्या नावाने त्या जगात प्रवेश केला आणि घाट समोर आला. पायऱ्या, मंडप, आणि खाली पाणी. हलणारं. चेन्नईच्या तीन बाहुल्या मंडपात येऊन उभ्या राहिल्या. अक्का त्यांना पायऱ्यांवरून खाली घेऊन गेली. एका बाहुलीने कपडे आपटायच्या दगडाबद्दल काही टाइप करून विचारलं, आणि अक्काने इतकं लांबलचक उत्तर लिहिलं की मिक्सरवालं जोडपं मिक्सर विसरून वाचायला लागलं. नंतर त्या बाहुल्या एकेक वस्तूवर क्लिक करत सुटल्या. दर वेळी पडद्यावर अक्काचं नाव. खांब, नाव. पायरी, नाव. दगड, नाव. अप्पा हात मागे बांधून उभे होते. कान नाही, डोळे लावून.

काम मिळालं.

पण त्या विक्रेत्याला काय मिळालं? मालक त्या दुपारी लवकर उठले. गिऱ्हाइकांना बसवून फुकटचं इंटरनेट वापरू दिलं म्हणून चार लोकांसमोर त्याला झाडलं आणि मागच्या गोदामात फ्रिज मोजायला पाठवलं. मला चार दिवसांनी कळलं. मी तडक गोदामात गेले. या वेळी आरोप खरा होता, पुरावा होता, मागणी होती, आणि उद्याच्या उद्या पत्रक निघालं असतं.

"नको मा," तो म्हणाला. फ्रिजच्या खोक्यांमध्ये त्याच्या अंगावर घामाच्या धारा होत्या. "तुमचं पत्रक निघालं की मी कायमचा बाहेर. आठ दिवसांत मालक विसरतात. मला त्यांची सवय आहे. तुमची नाही."

मी गप्प बसले. हे लिहितानाही मला त्या मालकाचा राग येतो, आणि तो कुठेच छापता आला नाही याचा जास्त. गप्प बसणं मला जमतं असं कुणी समजू नये. मला ते फक्त करावं लागलं.

आठ दिवसांनी तो परत काउंटरवर दिसला. त्याच आठवड्यात अक्काला कंपनीचं पत्र आलं की काम स्वतःच्या मशीनवर करायचं आहे. चंदेरी लॅपटॉप तिने माझ्या टेबलावर आणून ठेवला. पत्रकं टाइप करायला तो पुरे, म्हणाली. सकाळी दहाला ती साडी बदलून निघाली. मी चप्पल घालायला लागले.

"तू कुठे?"

"तुझ्याबरोबर. त्याच्याशी बोलायला..."

"नको."

अप्पाही अंगरखा घालून ओसरीवर आले होते. त्यांनाही ती तेच म्हणाली, जरा आदराने. मग ऑटोत बसली आणि गेली. दीड तासाने काळ्या लॅपटॉपचं खोकं मांडीवर घेऊन परत आली. इतका वेळ दुकानात काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. अप्पांनी दोनदा विचारलं. मी बहुतेक रोज विचारते.