तुराट्यांचं छप्पर

लातुरात क्लासला होतो तेव्हा माझ्या खोलीमागं एका मावशीचं लहानसं शेत होतं. नाव कधी विचारलं नाही. रासायनिक खत सोडून ती गांडूळखत करायची, तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या छपराखाली. रोज ओंजळीनं पाणी शिंपडून तान्ह्या बाळाला पांघरूण घालावं तसं खतावर पोतं घालायची. सरकारी अनुदानातून खताचा दुसरा खड्डा करायचं तिच्या मनात होतं.

पाहणीला कृषी खात्याचे साहेब आले. "विटा-सिमेंटची शेड पाहिजे. नाहीतर अनुदान नाही."

"साहेब, भूकंपात भिंतीखालीच माझी माणसं गेली. गांडुळं तरी हलक्या छपराखाली ऱ्हाऊ द्या की!"

"नियम आहे, मावशी."

"मंग ऱ्हाऊ द्या तुमचं अनुदान. च्या पिऊन जावा, ऊन लई हाय."

साहेब त्याच छपराखाली टेकले. मला अजून त्यांचा राग येतो. मावशीनं मात्र त्यांच्या बशीत पुन्हा चहा ओतला.