दिघे सरांची सही

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागातल्या आमच्या फ्लॅटचे सगळे पंखे बंद केले, खिडक्या लावून घेतल्या आणि डायनिंग टेबल पुसून काढलं. दिघे सरांचं चित्र गुंडाळीतून थेट त्यावर उपडं पसरलं.

गेल्या वर्षी मी व्हिजिटिंग आर्टिस्ट म्हणून काही महिने जपानमध्ये, क्योटोला होते. तिथे जुन्या पद्धतीत चित्राला काचेची फ्रेम नसते. मागून पातळ कागद चिकटवतात, भोवती रेशमी कापडाचे पट्टे जोडतात, खाली गोल दांडी बसवतात. चित्र टांगायचं, काही दिवस बघायचं, मग गुंडाळून पेटीत ठेवायचं. ते शिकायला मी गेले होते.

मला सगळ्यात नवल वाटलं ते खळीचं. गव्हाच्या सत्त्वाची खळ, आणि तीही मुद्दाम कमजोर ठेवलेली. घट्ट का नको, असं मी विचारलं. तिथले मास्तर म्हणाले, पुढे कधीतरी कुणीतरी हे सगळं सोडवून नव्याने करेल, त्याला चित्र न फाटता सोडवता आलं पाहिजे... आपण त्याला ओळखत नाही, इतकंच.

दिघे सर किला गेटला राहतात. शाळेत त्यांनीच मला चित्रकला शिकवली. आता त्यांचा उजवा हात कापतो. गच्चीवरून दिसणारी किल्ल्याची भिंत त्यांनी काळ्या शाईत काढली आणि हे शेवटचं म्हणून सांगून टाकलं. ग्वाल्हेरात एकटीने करायचं माझं हे पहिलं काम, आणि चित्र असं, की बिघडलं तर दुसरं नाही.

मागून कागद चिकटवण्याआधी चित्र ओलं करावं लागतं. म्हणून प्रत्येक रेघेवर ओला टिपकागद टेकवून शाई पसरते का ते आधी बघतात. मी बघितलं होतं. शाई पक्की होती. त्यानंतर सरांनी चित्र एका दिवसासाठी परत मागून घेतलं... का, ते मी विचारलं नाही.

फवारा मारला. कागद सैल झाला, छान पसरला. आणि खालच्या कोपऱ्यात आतून निळं वर यायला लागलं.

सरांनी आयुष्यात स्वतःच्या चित्रावर सही केली नव्हती. या चित्रावर केली होती. फाउंटन पेनने.

ओल्या कागदाचं काम मध्येच सोडता येत नाही. जेवढं निळं टिपता आलं तेवढं टिपलं आणि पुढचं काम केलं. बाकी चित्र शाबूत राहिलं. सहीच्या जागी, भिंतीच्या पायथ्याशी, एक फिकट निळा ढग.

संध्याकाळी किला गेटला गेले आणि सरांना सांगितलं. काकूंनी सांगितलं, की एका सहीसाठी त्यांनी सकाळभर पेपरच्या कडेवर सराव केला होता. चित्र एवढ्या थाटात टांगलं जाणार, तर खाली नाव पाहिजे, असं त्यांना वाटलं होतं.

सरांनी माझ्या मोबाइलवरचा फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, तिकडचे लोक सही कशी करतात? मी म्हटलं, लाल शिक्का मारतात. त्या लाल रंगाची डबी मी आणली आहे.

सरांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"अंगठा चालेल का गं?"

काकू म्हणाल्या, "पोरांना जन्मभर रेघा गिरवायला लावल्यात, आणि स्वतः शेवटी अंगठाबहाद्दर."

"रेघेला हात स्थिर लागतो," सर म्हणाले. "अंगठ्याचं काय... दाबला, की हो गया काम."

परवा काम पूर्ण झालं. भोवती चंदेरी गावच्या रेशमाचे राखाडी पट्टे लावलेत. वरून सोडलेल्या दोन फिती कशाला, असं काकूंनी विचारलं. पाखरांनी लांब राहावं म्हणून, असं क्योटोला सांगतात, पण खरं कुणालाच माहीत नाही. काकू म्हणाल्या, आमच्या चिमण्या फोटोच्या मागेच घरटं करतात, त्या फितींना काय भितात.

चित्र सरांच्या घरी टेबलवर पसरलं. मी सरांचं मनगट धरायला गेले, त्यांनी माझा हात बाजूला केला. अंगठ्याला डबीतला लाल रंग लावला. मग निळ्या ढगाच्या शेजारी अंगठा टेकवला आणि दाबून धरला... उचलला तेव्हा प्रत्येक रेघ स्वच्छ उठली होती.

आज ते चित्र त्यांच्या बैठकीत टांगलंय. कधीतरी कुणीतरी ते सोडवेल. हा निळा ढग कसला, हे त्याला कळायचं नाही. तो आधी सगळं तपासेल, मगच फवारा मारेल. अंगठ्याला काही होणार नाही. तो रंग तेलातला आहे... या वेळी मी तपासून घेतलंय.