अक्का कडेनं गेली नाही

भाच्याचा फोन आला. "मावशी, आई गेली. झोपेतच... लय शांतपणे गेली." रडू आलंच, पण त्याच्या आधी मनात आलं, काहीतरीच! माझ्या मोठ्या बहिणीचं नाव शांता होतं हे खरं, पण शांतपणे तिनं जन्मात काही केलं नव्हतं. मग शोकसभेत कुणीतरी बोललं की बाई फार साध्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तेव्हा मात्र मला राहवेना. अहो, अक्का कायम मध्यातच होती! वाशिमच्या बाजाररस्त्यावर ती मधून सायकल चालवायची म्हणून ज्यांनी तिला शिव्या घातल्या, त्यांतले दोघे-तिघे त्या सभेत पुढच्याच रांगेत बसले होते.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. अक्का सकाळी गावाच्या एका टोकाच्या शाळेत शिकवायची आणि दुपारी दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात बी.ए.च्या तासांना बसायची. मधल्या वेळात पायी पोचणं शक्यच नव्हतं. सायकल सुटली तर कॉलेज सुटलं, इतकी साधी गोष्ट. सुरुवातीला तिनं सगळे सांगतात तशीच चालवली, कडेनं. आणि कडेला काय असतं? नाली, गिट्टी, उभ्या बैलगाड्या, हातगाड्या. मागून आलेल्या जीपवाल्याला वाटलं, बाई कडेलाच आहे, निघू आपण. तो निघाला आणि अक्का नालीत पडली. हात मोडला.

आमचे बाबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. त्यांच्या लहानपणी आमच्या लोकांना रस्त्यानं कसं चालावं लागे, ते मी नव्यानं सांगायला नको. समोरून कुणी मोठं आलं की खाली उतरायचं. छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, पण पाय काही ऐकत नव्हते. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा बाबा कडेनंच चालायचे. प्लास्टरमधला हात पाहून ते म्हणाले, "शांते, पुरे झाली आता सायकल. जीवाले मुकशीन एखांद्या दिवशी."

"बाबा, मी पडली काहून? कडेनं चालवली म्हून पडली. कडेच्या माणसाले कोणी पाह्यतच नाई."

प्लास्टर निघालं आणि अक्का कडेपासून चांगली दोन हात आत चालवू लागली. मिरवायला नव्हे हं. मागून हॉर्न वाजला की ती वळून बघायची, ड्रायव्हरला आपण दिसलो याची खात्री करून घ्यायची. रस्ता अरुंद असेल तर जागची हलायची नाही. रुंद झाला की स्वतःच बाजूला व्हायची आणि हात हलवून त्याला पुढे काढायची. दुकानांतून लोक ओरडायचे, "ओ बाई, दाबा साइडले!" ती म्हणायची, "दाबून घेईन, पण दबणार नाई." बाबा रोज तेच टुमणं लावायचे, सायकल सोड. आज सोडते की उद्या, असं चाललं होतं.

एकदा कापसाच्या हंगामात ओढ्याच्या पुलावर तिच्या मागे गाठींचा ट्रक आला. बाबा आणि मी बाजार करून परतत होतो, पुलाच्या टोकाशीच होतो. हॉर्नवर हॉर्न... अक्का ढिम्म. पूल अरुंद, बाजू देणार तरी कुठे? पूल संपला तशी तिनं बाजू दिली, पण ड्रायव्हरचा पारा चढला होता. तो ट्रक थांबवून खाली उतरला.

"काय वं बाई, रस्ता तुह्या बापाचा हाये का?"

गर्दी जमली. बाबा धावत पुढे गेले, दोन्ही हात जोडून, माफी मागायला. अक्कानं त्यांच्याकडे बोट केलं.

"हो, माह्या बापाचाच हाये. याची खडी त्यानंच फोडली. तो पाह्य उभा. विचार त्याले."

सगळे बाबांकडे बघू लागले. मला वाटलं, आता बाबा हिलाच चारचौघांत झापणार आणि उद्यापासून सायकल बंद, कॉलेज बंद. बाबांनी जोडलेले हात सोडले.

"हो," ते म्हणाले. "म्याच फोडली. जाऊ दे माह्या पोरीले."

कुणीतरी हसलं. ड्रायव्हर पुटपुटत ट्रकात चढला. घरी जाताना बाबा कडेनंच चालले, इतक्या वर्षांची सवय एका पुलावर थोडीच जाते? पण सायकल सोड असं त्यांनी पुन्हा म्हटलं नाही. अक्का बी.ए. झाली. आमच्या घरातली पहिली.

परवा तिच्या घरी गेले होते. गुडघे गेल्यापासून तिची सायकल बैठकीत असते, भिंतीला टेकवून नाही, मधोमध, स्टँडवर. अक्का रोज पुसायची. सूनबाई हळूच म्हणाली, "मावशी, पाव्हणे येऊन राह्यले, कोपऱ्यात सरकवू का हिले?"

मी म्हटलं, "हात लावशील तर पाहा."

आता येणारा-जाणारा दारात थबकतो, सायकलीकडे बघतो आणि वळसा घालून आत जातो. घालू दे.